सायकलवरच्या जीपीएससाठी नकाशा कोणता घ्याल?

सायकलवर लांब पल्ल्याला निघणाऱ्या वाचकांकडून एक प्रश्न फिरून फिरून येतो. हातात मावणारं जीपीएस यंत्र घेतलं, पडद्यावर बाण दिसतो, पण बाणाभोवती दोन-चार महामार्ग आणि मोठ्या शहरांची नावं सोडली तर सगळं रिकामं. मग नकाशा विकत घ्यायचा की मोफतचा टाकायचा? टाकायचा तर कोणता? दुकानदार एक सांगतो, क्लबातले जुनेजाणते दुसरंच सांगतात, आणि या गोंधळात पुष्कळ जण मोटारीसाठी बनवलेला महागडा नकाशा घेऊन मोकळे होतात.

म्हणून उत्तर आधीच देतो. महाराष्ट्र-गोव्यात सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना विकतच्या नकाशाची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर तयार केलेला, उंचीरेषा (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) असलेला मोफत नकाशा आणि घरी बसून आखलेला स्वतःचा मार्ग एवढ्यावर काम भागतं. फक्त हा नकाशा निवडताना आणि वापरताना काही ठिकाणी हमखास फसगत होते. ती टाळायची कशी, ते आता पाहू.

आधी आपलं यंत्र ओळखा

जीपीएस यंत्र उपग्रहांचे संकेत घेऊन तुम्ही कुठे आहात एवढंच काढतं. त्यासाठी मोबाइलची रेंज लागत नाही, म्हणूनच ते ताम्हिणी किंवा कुंभार्ली घाटातही चालतं. पण भोवतीचा रस्ता, ओढा, गाव हे सगळं यंत्रात आधी साठवलेल्या नकाशातून येतं. तेव्हा नकाशा शोधण्याआधी आपलं यंत्र यांपैकी कुठलं आहे ते पाहा:

- नकाशा न घेणारी यंत्रं. गार्मिनच्या ईट्रेक्स १० सारख्या साध्या यंत्रात तपशिलाचा नकाशा टाकताच येत नाही. तुम्ही आखलेली रेघ आणि त्या रेघेवरचे तुम्ही, एवढंच दिसतं. अशा यंत्रासाठी नकाशा विकत घेऊ नका.
- नकाशा घेणारी हातयंत्रं. ईट्रेक्स २२एक्स, ३२एक्स, जीपीएसमॅप मालिका वगैरे. यांपैकी बहुतेकांत मायक्रोएसडी कार्डाची खाच असते. दोन एए सेलवर चालणारी यंत्रं दूरच्या प्रवासाला सोयीची, कारण सेल कुठल्याही गावात मिळतात.
- हँडलबारवर बसणारे सायकल-कॉम्प्युटर. गार्मिन एजसारख्या काही यंत्रांत नकाशा चालतो, काहींत फक्त रेघ. अनेकांना कार्डाची खाच नसते, म्हणून आतली मेमरी किती मोकळी आहे ते आधी तपासा.

यंत्रासोबत येणारा ‘बेसमॅप’, म्हणजे महामार्ग आणि मोठ्या शहरांचा ढोबळ आराखडा, हा कामाचा नकाशा नव्हे. ‘मॅप इनक्लुडेड’ असं खोक्यावर वाचून खूश होण्याआधी दुकानातच आपल्या तालुक्याचं ठिकाण काढा आणि आसपासची गावं दिसतात का ते बघा.

बाजारात आणि मोफत काय मिळतं?

*मोटारीचे विकतचे नकाशे.* शहरांतले पत्ते, पेट्रोल पंप, एकेरी वाहतूक हे सगळं त्यांत व्यवस्थित असतं. उंचीरेषा, पायवाटा, गाडीवाटा मात्र नसतात किंवा नावापुरत्या असतात. बहुतेक वेळा हा नकाशा एका यंत्राला किंवा एका कार्डाला बांधलेला असतो. यंत्र बदललं की पैसे पुन्हा.

*ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेले मोफत नकाशे.* २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेला हा प्रकल्प आज जगभरचे स्वयंसेवक चालवतात. त्याची माहिती श्रेय देऊन कुणीही घ्यावी, असा त्याचा परवाना आहे. या माहितीपासून गार्मिनला चालणारी फाइल बनवून देणारे वेगवेगळे गट आहेत. बीबीबाइकच्या संकेतस्थळावर हव्या त्या भागाभोवती चौकोन आखायचा आणि ईमेल द्यायचा, म्हणजे फाइल तयार झाल्यावर दुवा येतो. ओपनटोपोमॅपचा नकाशा डोंगरी भागाच्या मांडणीसाठी चांगला. ओपनएमटीबीमॅपचा भर पायवाटांवर, तर व्हेलोमॅपचा डांबरी रस्त्यावरच्या सायकलिंगवर.

*भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे.* १७६७ साली स्थापन झालेल्या या खात्याचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे डोंगर वाचायला आजही फार मोलाचे आहेत. नागरिकांसाठीची ‘ओपन सीरिज’ पीडीएफ रूपात मोफत उतरवता येते. ती थेट यंत्रात बसत नाही, पण घरी मार्ग आखताना शेजारी उघडून ठेवावी. घाट, खिंडी, वाड्या यांची नावं इथे जितकी भरवशाची मिळतात तितकी इतरत्र मिळत नाहीत.

मोफत नकाशांत ‘सायकल’ असं लेबल लावलेले नकाशे पाहून हुरळून जाऊ नका. ओपनफिएट्समॅप हा नेदरलँड्समधल्या सायकलवाटांच्या जाळ्यासाठी जन्मलेला नकाशा. तिथे त्याची कमाल आहे. आपल्याकडे ते जाळंच नाही. त्यामुळे असा नकाशा ‘लहान रस्ता म्हणजे सायकलला बरा’ हे गृहीत धरून तुम्हाला थेट पाणंदीत घालू शकतो. आपल्यासाठी कसोट्या दोनच: उंचीरेषा आहेत का, आणि भर उन्हात, हलत्या हँडलवर, दोन इंचांच्या पडद्यावर रस्ते ठसठशीत दिसतात का. रंगांची आरास घरच्या मॉनिटरवर सुंदर दिसते. रस्त्यावर जाड रेघच कामाला येते.

तुमचा प्रवास कसला, त्यावर निवड

- ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) किंवा ठरलेल्या मार्गाची राइड: आयोजक मार्ग आणि नियंत्रण-ठाणी ठरवून देतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ६०० ला ४० तास अशी मुदत असते. इथे यंत्राच्या अकलेची गरजच नाही. दिलेला ट्रॅक, म्हणजे मार्गाची पक्की रेघ, टाका. नकाशा साधा चालेल.
- डांबरी रस्त्याने भ्रमंती, कोकण-गोवा सागरी मार्ग: ओपनस्ट्रीटमॅपचा रस्ते शोधू शकणारा नकाशा. उंचीरेषा असल्या तर उत्तमच, कारण कोकणातल्या प्रत्येक खाडीनंतर चढ आहे.
- गाडीवाटा, जंगलवाटा, पठारं: उंचीरेषा अनिवार्य. सोबत सर्वेक्षण विभागाचा नकाशा कागदावर छापून घ्या.
- फक्त शहर आणि आसपास: नकाशासाठी वेगळा खटाटोप करू नका. फोनमध्ये ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँड टाकून आपल्या भागाचा नकाशा उतरवून ठेवा. तो इंटरनेटशिवाय चालतो.

यंत्र चुकवतं ते नेमकं इथे

नकाशा चांगला असूनही माणसं चुकतात, कारण मार्ग निवडायचं काम ती यंत्रावर सोडतात. सह्याद्रीच्या मुलखात हे महागात पडतं. नेहमीच्या चुका अशा:

द्रुतगती मार्ग. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू, अटल सेतू यांवर सायकलला बंदी आहे. मोटारीचा नकाशा आणि ‘कार’ ही निवड यंत्रात तशीच राहिली, तर खोपोलीहून लोणावळ्याला जाताना ते तुम्हाला सरळ द्रुतगती मार्गाकडे वळवेल. सायकलवाल्यांचा रस्ता म्हणजे खोपोलीतून शिंग्रोबाच्या देवळावरून चढणारा जुना घाट. खोपोली समुद्रसपाटीपासून साधारण ६० मीटरवर आहे, लोणावळा ६२० मीटरच्या आसपास. हा चढ आधी पडद्यावर नीट पाहून ठेवा आणि तिथला मार्ग स्वतः आखा.

घाट की पायऱ्या? नकाशावर ‘घाट’ असं लिहिलं म्हणजे गाडीरस्ता असेलच असं नाही. नाणेघाट ओपनस्ट्रीटमॅपवर रेघेनं दाखवलेला आहे. यंत्रात माउंटन बाइक किंवा पादचारी ही निवड असेल, तर वैशाखऱ्याहून वर घाटघरला जायला ते आनंदानं नाणेघाट सुचवील. तो आहे दगडी पायऱ्यांचा प्राचीन घाट. सायकल खांद्यावर घेऊन चढावं लागेल. गाडीरस्त्याने जायचं तर माळशेज घाट चढून जुन्नरकडून फिरून यावं लागतं, आणि ते अंतर पायवाटेच्या कितीतरी पट आहे. देश आणि कोकण यांच्यामध्ये सरळ रेषेतल्या अंतराला काही अर्थ नाही. इथेच उंचीरेषांचं मोल कळतं. पडद्यावर रेषा एकमेकींना चिकटून गडद पट्टा झालेला दिसला आणि तुमची वाट तो पट्टा आडवी ओलांडत असली, तर ती वाट सायकलची नव्हे.

मोफत नकाशांतल्या उंचीरेषा बहुतेक वेळा २००० साली अमेरिकी अंतराळयानाने केलेल्या रडार मोजणीतून काढलेल्या असतात. दर ३० किंवा ९० मीटरला एक मोजमाप, असं तिचं जाळं आहे. पठारावर ते पुरतं, कड्यावर पुरत नाही. कड्याची धार नकाशात गुळगुळीत होते. कड्याच्या काठाने जाताना पडद्यावर विसंबू नका.

फेरीबोटी. सागरी मार्गावर दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या जेट्ट्यांवर गाड्या आणि सायकली पलीकडे नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. यंत्राच्या ‘टाळायच्या गोष्टीं’मध्ये फेरीवर खूण असेल, तर दाभोळच्या धक्क्यावर उभं राहून समोर धोपावे दिसत असताना यंत्र तुम्हाला चिपळूणमार्गे पूर्ण खाडीला वळसा घालायला सांगेल. ती खूण काढून टाका. उलट बाजूही लक्षात ठेवा. नकाशाला बोटीचं वेळापत्रक ठाऊक नसतं. शेवटची फेरी किती वाजता आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

पाणंद आणि काळी माती. तुटक रेघेनं दाखवलेली वाट मराठवाड्यात किंवा विदर्भात दिसली, तर ती बहुधा पाणंद, शिवरस्ता किंवा कालव्याकाठची वाट असते. उन्हाळ्यात अशा वाटांसारखं सुख नाही. एक सर पडून गेली की तीच काळी माती टायरला थापली जाते, मडगार्डात आणि ब्रेकमध्ये गच्च बसते आणि चाक फिरायचं थांबतं. आपल्या ग्रामीण भागातले असंख्य रस्ते स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रेखाटले आहेत. वरून रस्ता दिसतो, तो डांबरी आहे की मुरमाड हे नेहमी कळत नाही. म्हणून जून ते ऑक्टोबरमध्ये यंत्राच्या मेनूतला ‘कच्चे रस्ते टाळा’ हा पर्याय चालू ठेवा, आणि तरीही गावात विचारा.

बंद घाट. पावसाळ्यात दरडींमुळे वरंध घाट वाहतुकीला बंद होण्याचे प्रसंग वारंवार येतात. हे कुठल्याच साठवलेल्या नकाशात दिसणार नाही. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाची सूचना पाहा.

एकाच नावाची गावं. वडगाव, पिंपळगाव, खेड, शिरगाव ही नावं शोधात टाकली की यादीच येते. यादीतलं पहिलं नाव दाबू नका. अंतर आणि दिशा पाहून मगच निवडा.

ट्रॅक टाका, रूट नको

ही एक सवय लावून घेतलीत, तर नकाशा थोडा कमीअधिक असला तरी अडणार नाही. जीपीएक्स फाइलमध्ये मार्ग दोन प्रकारे साठवतात. ‘रूट’ म्हणजे मोजकी वळणं. त्यांच्यामधला रस्ता यंत्र आपल्या नकाशानुसार नव्याने शोधतं, आणि नकाशा बदलला की मार्गही बदलतो. ‘ट्रॅक’ म्हणजे जवळजवळच्या शेकडो-हजारो बिंदूंची पक्की रेघ. ती कुठल्याही नकाशावर, अगदी नकाशाशिवायही, आहे तशीच राहते.

घरी संगणकावर मार्ग आखा, ट्रॅक म्हणून उतरवा आणि यंत्रात ती रेघ ठळक रंगात दाखवायला सांगा. मग पुढचं करा:

- मार्ग सुटल्यावर आपोआप नवा मार्ग काढण्याची सोय बंद ठेवा, किंवा ‘आधी विचारा’ वर ठेवा.
- ‘लॉक ऑन रोड’ बंद करा. नाहीतर तुम्ही शेजारच्या जुन्या रस्त्यावर असताना यंत्र तुम्हाला नव्या महामार्गावर चिकटवून दाखवतं.
- जुन्या यंत्रांत एका ट्रॅकमध्ये किती बिंदू चालतात याला मर्यादा असते. जास्तीचे बिंदू न सांगता गळतात आणि मार्ग अर्ध्यावर संपतो. लांब प्रवासाचा ट्रॅक दिवसागणिक तोडा.

रस्ते शोधणारा नकाशा लागतो तो अडचणीत. सायकल मोडली, पाऊस कोसळला, साथीदाराला बरं वाटेनासं झालं आणि जवळचं गाव गाठायचंय, अशा वेळी. त्या एका वेळेसाठी तो यंत्रात असावाच.

नकाशा यंत्रात टाकताना

1. यंत्र संगणकाला जोडून आतल्या सगळ्या फाइलींची प्रत आधी काढून ठेवा. मूळ बेसमॅपच्या फाइलीला हात लावू नका.
2. नवा नकाशा शक्यतो मायक्रोएसडी कार्डावर टाका. कार्ड एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करा. ईट्रेक्स २२एक्ससारख्या यंत्राला ३२ जीबीपर्यंतचं कार्ड चालतं. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. तुम्हाला तेवढी मोठी फाइल लागणारही नाही.
3. कार्डावर ‘गार्मिन’ नावाचं फोल्डर करून त्यात आयएमजी फाइल ठेवा. नव्या यंत्रांत फाइलला कुठलंही नाव चालतं. जुनी यंत्रं ‘जीमॅपसप’ या नावाचीच फाइल वाचतात.
4. उंचीरेषांची फाइल वेगळी आली असेल, तर तीही सोबत ठेवा.
5. यंत्राच्या नकाशा मेनूत जाऊन बाकीचे नकाशे बंद करा. दोन नकाशे एकावर एक चालू राहिले की वरचा खालच्याला झाकतो, आणि मग “नकाशा टाकला पण दिसत नाही” अशी तक्रार येते.
6. मार्ग शोधण्याची निवड ‘सायकल’ करा आणि पाठ असलेल्या रस्त्यावर चाचणी घ्या. तुमच्या गावातला ओढा, शाळा, शेताकडची वाट नकाशात आहे का ते पाहा. जिथला रस्ता तुम्हाला डोळे मिटून येतो, तिथेच नकाशाची पारख होते.

गावांच्या नावांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसली, तर नकाशा बिघडलेला नाही. तुमच्या यंत्रात देवनागरीचा टंक नाही, एवढंच. नकाशा उतरवताना ‘लॅटिन’ अक्षरांचा पर्याय निवडा. नव्या यंत्रात युनिकोडचा नकाशा टाकून मराठी नावं दिसतात का ते बघायला हरकत नाही.

खरेदी करताना तुमचे हक्क

पैसे देण्याआधी दुकानदाराला चार गोष्टी विचारा आणि उत्तरं बिलावर किंवा निदान संदेशात लिहून घ्या. भारताचा तपशीलवार नकाशा आहे का? तो रस्ते शोधू शकतो का? अद्ययावत प्रत किती काळ मोफत? यंत्र बदललं तर नकाशा नव्या यंत्रात नेता येईल का? ‘लाइफटाइम’ या शब्दावर भाळू नका. ते आयुष्य तुमचं नसतं. कंपनी त्या यंत्राला नकाशे पुरवणं चालू ठेवते तेवढाच तो काळ.

सांगितलेला नकाशा यंत्रात निघाला नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही दाद मागू शकता. आधी विक्रेत्याला लेखी कळवा. दखल घेतली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहे. बिल, खोकं आणि जाहिरातीचं छायाचित्र जपून ठेवा.

कुणी कार्डावर नकाशे भरून विकत असेल, तर तो नकाशा कुणाचा ते विचारा. ओपनस्ट्रीटमॅपचा असेल तर विकणं बेकायदा नाही, पण त्यावर श्रेय छापलेलं असायला हवं, आणि तोच नकाशा तुम्हाला घरी फुकट मिळतो. विकतच्या नकाशाचं कुलूप तोडून केलेली प्रत असेल, तर तिला अद्ययावत माहितीही मिळणार नाही आणि ती चोरीचीच.

मुलं परदेशातून यंत्र आणणार असतील तर

तिकडे घेतलेल्या यंत्रात तिकडचाच नकाशा असतो. त्याची काळजी नको, भारताचा मोफत नकाशा टाकता येतो. वॉरंटी भारतात चालते का, ते मात्र घेण्याआधी विचारायला सांगा.

खरी काळजी दुसरी आहे. गार्मिनच्या इनरीच मालिकेतली यंत्रं, तसंच जीपीएसमॅप ६६आय आणि ६७आय ही यंत्रं, इरिडियम उपग्रहांवरून संदेश पाठवतात. अशी यंत्रं भारतात सरकारच्या परवानगीशिवाय बाळगता किंवा वापरता येत नाहीत. विमानतळावर ती सापडल्याने परदेशी प्रवाशांवर पोलीस कारवाई झालेली आहे. केवळ संकेत घेणाऱ्या साध्या जीपीएस यंत्राला ही अडचण नाही. तेव्हा ‘इनरीच’ हे नाव आणि नावाशेवटचं ते ‘आय’ अक्षर, दोन्हींकडे लक्ष द्यायला सांगा.

परत आल्यावर

तुमच्या यंत्रात आलेला मोफत नकाशा कुणीतरी वेळ काढून केलेला आहे. आपल्या तालुक्यातला रस्ता त्यात चुकीचा असेल, तर तो दुरुस्त करायचा हक्क तुम्हालाही आहे. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडा आणि जिथून गेलात तो रस्ता डांबरी की कच्चा, पूल आहे की फरशी, पिण्याचं पाणी कुठे मिळतं, एवढं तरी भरा. दुसऱ्या कंपनीच्या नकाशावरून माहिती उचलून तिथे घालू नका, त्याला परवानगी नाही. स्वतः पाहिलेलं आणि स्वतःच्या ट्रॅकवरून काढलेलं तेवढंच भरा. मराठी नाव देवनागरीत भरायची वेगळी जागा आहे, ती रिकामी ठेवू नका. पुढच्या वेळी नकाशा उतरवाल तेव्हा तुमची दुरुस्ती त्यात आलेली असेल.